सरपंच त्यांचा, बहुमत आमचं आणि मोटर जळालेली

कौलारू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं.

२०२२ च्या डिसेंबरात आमची ग्रामपंचायत निवडणूक झाली. सरपंच थेट जनतेतून, ते निवडून आले समोरच्या आघाडीचे. सदस्य अकरा, त्यातले सात आमच्या पॅनेलचे. मी त्या सातांतली एक. महिला राखीव जागा होती, घरच्यांनी उभं केलं, आले निवडून. पहिलं वर्ष चहा पिऊन सही करण्यात गेलं. आता प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, वाचायला शिकले आहे, आणि तिथंच घोळ झालाय.

गेल्या महिन्यात जॅकवेलची, म्हणजे गावाचं पाणी उपसायच्या विहिरीवरची, मोटर जळाली. आधी दोनदा रिवाइंडिंग करून आणलेली, तिसऱ्यांदा वाइंडरवाल्यानं हात जोडले. नवा सबमर्सिबल पंप घ्यायचा विषय मासिक सभेत आला. आदल्या रात्री आमच्या नेत्यांच्या सोप्यात बैठक झाली. आदेश एकच: ठराव पाडायचा. सरपंचाला गावापुढं उघडा पाडायचा. सभेत सरपंच धरून बारा मतं, पाच विरुद्ध सात. ठराव नामंजूर. सातांत माझा हात होता.

त्यानंतर गावात टँकर, तोही दिवसाआड. शाळेजवळच्या बोअरवर पहाटे साडेचारला नंबर. परवा मी रांगेत होते, पुढं सरपंचांची भावजय. तिनं मागं वळून बघितलं, आपली घागर बाजूला घेतली आणि म्हणाली, "या पुढं. तुम्हाला सभेला जायचं असंल, उशीर नको." बाकीच्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विषय पुन्हा येणार आहे. माझं एक मत फिरलं तर सहा-सहा होतात, आणि समसमान झालं की निर्णायक मत सरपंचाचं. म्हणजे पाणी माझ्या हातावर आलंय. विरोधात निवडून आलेल्यानं कारभाराला हातभार लावायचा की नाही? आणि लावायचा तर कुठपर्यंत?

---

तालमीतला

वैनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लोकांनी तुम्हाला मतं दिली ती सरपंचाच्या विरोधात. आज मोटर, उद्या गटर, परवा त्याच्या हातानं नारळ. पंप बसला की फ्लेक्स कुणाचा लागणार? त्याचाच. मग पुढच्या इलेक्शनला दारात जाऊन काय सांगणार, आम्ही हात वर केला म्हणून पाणी आलं? कोण ऐकतंय!

आणि तुमचे नेते काय खुळे न्हाईत. ह्या गोष्टी लांबचा विचार करून ठरत्यात.

---

जुनं दप्तर

ताई, मी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली, म्हणून थोडं लांब लिहितो.

तुमच्या गावासारखा पेच आधी क्वचित व्हायचा, कारण सदस्यच आपल्यातून सरपंच निवडायचे. ज्याच्यामागं बहुमत तो सरपंच. २०१७ ला थेट निवड आणली, २०२० ला काढली, २०२२ ला पुन्हा आणली. आता सरपंचालाही लोकांनी निवडलंय आणि तुम्हा सातांनाही. दोघांच्याही खिशात त्याच गावाची मतं. कोण कुणाला उघडं पाडणार?

तुमच्या नेत्यांना एक विचारा. हा सरपंच नको असेल तर अविश्वास आणायचा मार्ग आहे, पण त्याला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब. बारातले नऊ पाहिजेत. तुम्ही सात. म्हणजे तो हटत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मग मुदत संपेपर्यंत काय करायचं ठरलंय, पाणी बंद?

दुसरं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पक्षांतराचा १९८६ चा राज्याचा कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समितीला आहे. तुम्हाला व्हिप नाही. सोप्यात झालेल्या आदेशाला कागदावर काडीची किंमत नाही. गावात असते, ते मला कळतं.

तिसरं, आणि हे मी शेकडो प्रोसिडिंग वाचून सांगतो. विरोध नोंदवला असेल तर पुढं कारण लिहायला लावा. नुसतं "विरोध" लिहून खाली सात सह्या, अशी पानं मी पोत्यानं बघितली. ऑडिटरला त्यातून काही कळत नाही आणि दहा वर्षांनी तुमच्या नातवालाही कळणार नाही. कारण लिहिलेला विरोध बोटावर मोजण्याइतका भेटला. त्या प्रत्येक ठिकाणी पुढं काहीतरी सापडलं.

---

रंकाळ्याची हवा

ताईंचा प्रश्न चांगला आहे, पण "सहकार्य" हा शब्द ऐकला की आम्हा शहरवाल्यांच्या अंगावर काटा येतो. आमच्या कोल्हापूर महापालिकेत सहकार्याची कधीच टंचाई नव्हती. उलट ते उतू जात होतं. सभागृहात माईक तोडायचा, राजदंड पळवायचा, आणि संध्याकाळी कारभारी मंडळी एका टेबलावर. ढपला, म्हणजे कामातून मारलेला पैसा, हा शब्द काय आकाशातून पडला का? महापौरपदाची मुदत कायद्यानं अडीच वर्षं. आमच्याकडं ती वर्षावर, कधी काही महिन्यांवर वाटून घेतलेली. दालनावरच्या पाटीचा रंग वाळायच्या आधी नाव बदलायचं.

सहकारात तर विचारू नका. विधानसभेला एकमेकांवर चिखल, आणि जिल्ह्यातल्या संस्थांची निवडणूक आली की "संस्थेच्या हितासाठी बिनविरोध". तुमच्या नेत्यांचाही सरपंचांबरोबर एखाद्या दूध संस्थेत किंवा सोसायटीत असाच संसार असेल, बघा जरा.

टोलचं आठवा. शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, तीस वर्षं टोल. हे काय रातोरात झालं? करार झाला, काम झालं, नाके उभे राहिले, आणि मग आपण जागे झालो. नंतरचं आंदोलन सर्वपक्षीय होतं, त्याचा अभिमान मलाही आहे. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसले, पानसरे आण्णा होते. टोल गेला. पण मी तेव्हापासून एकच विचारतो: कराराचा मसुदा फिरत होता तेव्हा विरोधी बाकावरच्या किती जणांनी तो शेवटच्या पानापर्यंत वाचला होता? तिथं एकानं हटून बसायला पाहिजे होतं. ते खरं सहकार्य. आपण मात्र आधी मान डोलावतो आणि मग मोर्चा काढतो.

---

मिसळ कट्टा

रंकाळ्याची हवा यांना +१.

बाकी पंप किती एचपीचा आहे? आमच्या पाहुण्यांचं दुकान आहे

---

व्यवस्थापक

दुकानाची जाहिरात नको. आणि कुणीही गावाचं किंवा नेत्यांचं नाव ओळखून इथं लिहू नये, प्रतिसाद उडवला जाईल.

---

चिखलीकडचा

आमच्याकडं दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी हेच पंचांग. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. बोटीत चढताना कुणी कुणाची आघाडी विचारली नाही. आमच्या गावात ज्या दोन भावकींत वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनी एकमेकांच्या म्हशी दोराला धरून काढल्या. मी स्वतः होतो त्या दोराला.

पण ही गोष्ट लोक जशी सांगतात तशी तिथं संपत नाही. पाणी उतरलं. पंचनामे सुरू झाले. कुणाच्या घरात किती फूट पाणी, कुणाची भिंत पडली, याची यादी करायला बसले आणि तिसऱ्या दिवशी तेच दोघं चावडीत एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ह्याचं नाव घातलं, त्याचं गाळलं. यादी पुन्हा करावी लागली, त्यात पंधरा दिवस गेले, आणि ज्यांचं खरंच सगळं गेलं होतं ती माणसं त्या पंधरा दिवसांत शाळेतच झोपली.

म्हणून पुरातली एकी मला कुणी सांगू नका. दोर धरायला कुणीही येतो. यादी करताना शेजारी बसून "हे नाव बरोबर आहे, माझ्या विरोधकाचं आहे पण बरोबर आहे" म्हणणारा माणूस पाहिजे. ताई, तुमची मोटर म्हणजे यादीचं काम आहे.

---

दुसरा बाक

मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळं लेक्चर वाटलं तर सोडून पुढं जा.

विरोधकाचं काम म्हणजे फक्त "नाही" म्हणणं, असं आपल्या व्यवस्थेत कुठंच लिहिलेलं नाही. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी सदस्याकडं देण्याचा पायंडा आहे. म्हणजे सरकारनं पैसा कसा खर्च केला हे तपासणाऱ्या समितीच्या मुख्य खुर्चीत विरोधक. विरोधी पक्षनेत्याला १९७७ च्या कायद्यानं पगार आहे, सरकारी तिजोरीतून. मुख्य माहिती आयुक्त, लोकपाल यांच्या निवड समितीत तो बसतो. तो कारभाराच्या बाहेर उभा नाही, आत आहे, फक्त त्याची बाजू वेगळी.

उलटं उदाहरणही आपल्याच राज्यातलं. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत एकाही विरोधी पक्षाकडं एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नव्हते. विरोधी पक्षनेत्याची खुर्चीच वादात सापडली. सहकार्य करायला सांगता, पण बसायला जागा द्या आधी.

आणि रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची कल्पना, आणि १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला तो एकमतानं. त्या काळात शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट ही मंडळी दुष्काळी कामांच्या मजुरीसाठी सरकारविरुद्ध मोर्चे काढणारी. रस्त्यावर भांडण होतं म्हणून कायद्याला आडवं जायचं, असं कुणी केलं नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकावर. त्यांच्या तालुक्यात कुणी म्हणत नाही की विरोधात बसून त्यांनी काही केलं नाही.

---

तालमीतला

मॅडम, मुंबई-दिल्लीचं झालं. ग्रामपंचायतीत कसला विरोधी पक्षनेता? आणि सरपंच काय माहिती देतोय व्हय? तो कागद दाखवत न्हाई, हिशोब दाखवत न्हाई, आणि आम्ही मात्र हात वर करायचा. असलं सहकार्य एकतर्फी असतंय. आधी त्याला सांगा.

---

हात वर

तालमीतला यांच्या ह्या एका मुद्द्याला मी साक्ष देतो, कारण मी पलीकडच्या बाजूचा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात सत्ताधारी सदस्य आहे.

आमच्याकडं हे ठरवून चालतं. अजेंडा काढायचा, पण विरोधकांच्या घरी शिपाई जातो तो ते शेतात गेल्यावर. सही घरातल्या म्हातारीची. दरपत्रकं अजेंड्याला जोडायची नाहीत. विचारलं तर "ऑफिसला येऊन बघा", आणि ऑफिसला आले की कपाटाची किल्ली क्लार्ककडं, क्लार्क तालुक्याला. मग खरा माल ऐनवेळच्या विषयात. सभा संपत आली, सगळे उठायच्या बेतात, तेव्हा "अध्यक्षांच्या परवानगीनं".

मग विरोधक काय करणार? वाचायला काही नाही, म्हणून सरसकट विरोध. आणि आम्ही गावात सांगत सुटतो, बघा, हे विकासाच्या आड येतात. दोन वर्षं मीही हे सांगत होतो. मला ते चुकीचं वाटायला लागलं ते फार थोर कारणानं नाही. आमच्याच गल्लीतलं गटर उलट्या उताराचं झालं. विरोधी सदस्यांत एक गवंडी आहे. तो म्हणाला, "मला नकाशा दाखवला असता तर मी सांगितलं असतं." पाणी अजून माझ्या दारात तुंबतंय.

---

जुनं दप्तर

हात वर यांनी नोकरीतली वीस वर्षं डोळ्यांपुढं उभी केली. ताई, याच्यावर उपाय आहे. सभेआधी लेखी पत्र द्या, कागदाची मागणी करा, पोच घ्या. दिले नाहीत तर तेच कारण प्रोसिडिंगमध्ये नोंदवा: "दरपत्रकं मागूनही दिली नाहीत, म्हणून विरोध." हा विरोध झाला. आणि दिले, तुम्ही वाचले, त्यात खोट दिसली तर उपसूचना मांडा. मोटरीला हो आणि दराला नाही, असं म्हणता येतं. आपल्याकडं लोकांना हे माहीतच नाही, एक तर पूर्ण हो नाहीतर पूर्ण नाही.

---

रंकाळ्याची हवा

शहरात २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. ना सत्ताधारी, ना विरोधक. मी आधी म्हणालो होतो, बरं झालं, ढपला तरी थांबेल. पण आमच्या पेठेतला ड्रेनेजचा चेंबर फुटला तेव्हा कुणाला धरायचं हेच कळेना. आधी निदान हरलेला उमेदवारही यायचा, जिंकलेल्याची खोडी काढायला का होईना. फोटो काढायचा, पेपरला द्यायचा, दुसऱ्या दिवशी गाडी यायची. त्याची खोडसाळ सेवा कधी आठवेल असं वाटलं नव्हतं.

---

मिसळ कट्टा

खोडसाळ सेवा हा शब्द आवडला. आमच्या गल्लीत दोन हरलेले आहेत, कुणाला पाहिजे असतील तर घेऊन जा

---

कौलारू

सगळ्यांना धन्यवाद. तीन आठवडे इथं आले नाही, कारण घडत होतं ते आधी घडून जाऊ दे म्हटलं.

दप्तरकाकांनी सांगितलं तसं पत्र दिलं. पोच द्यायला क्लार्क तयार नव्हता. मी तिथंच बाकावर बसले, पिशवीतली मेथी काढली आणि निवडायला घेतली. अर्ध्या तासानं शिक्का मिळाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही दरपत्रकांच्या झेरॉक्स आल्या.

मी काही इंजिनिअर नाही. पण तीन कागद शेजारी शेजारी ठेवले तर दिसतं. तीन वेगवेगळी दुकानं, वेगवेगळे शिक्के, आणि त्यातल्या दोघांत "सबमर्सिबल" हा शब्द "सबमर्शीबल" असा एकसारखा चुकीचा. पंपासोबतच्या केबलची लांबीही दोन्हींत सारखीच चुकीची, जॅकवेलच्या खोलीच्या जवळपास दुप्पट. हे मी नवऱ्याला दाखवलं. ते म्हणाले, आता तर पाडाच ठराव. मलाही आधी तेच वाटलं. मग पहाटेचा नंबर आठवला.

आमच्या पॅनेलमधल्या दुसऱ्या एका ताईंना सांगितलं. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, घरात पाणी वाहून आणायला त्या एकट्या. त्या म्हणाल्या, तू बोल, मी हात वर करते.

सभेत विषय आला. मी उपसूचना वाचली, कागदावर लिहून नेली होती: पंप घ्यावा, पण ही दरपत्रकं रद्द करून आठवड्यात नवी मागवावीत, केबल मोजून घ्यावी, जळालेल्या मोटरीची नोंद जडवस्तू नोंदवहीत करावी, आणि बिलाची प्रत बोर्डावर लावावी. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. आमच्याकडचे एक सदस्य म्हणाले, "हे कुणी लिहून दिलं?" मी म्हणाले, मीच.

सरपंच बराच वेळ गप्प होते. दरपत्रकांत काय आहे हे त्यांना आधी माहीत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही, आणि मी तसा आरोपही करत नाही. शेवटी म्हणाले, घ्या उपसूचनेसह. सात विरुद्ध पाच, यावेळी उलटे.

नव्या दरपत्रकांत तसाच पंप १८ हजारांनी स्वस्त पडला. गेल्या मंगळवारी बसवला. पहिलं पाणी गढूळ आलं, अर्धा तास सोडून द्यावं लागलं. फ्लेक्स लागलाच, तालमीतला यांचं बरोबर होतं. सरपंचांचा हसरा फोटो, खाली चार सदस्यांची नावं. माझं नाही.

नेत्यांकडच्या वास्तुशांतीला सगळ्या पॅनेलला जेवण होतं, आम्हा दोघींना निरोप आला नाही. घरात सासऱ्यांचं तोंड अजून फुगलेलं आहे. "पॅनेलनं निवडून आणलं" हे दिवसातून एकदा तरी ऐकते. ते खोटंही नाही. पॅनेल नसतं तर मी निवडून आले नसते, हा हिशोब माझ्याकडून अजून सुटलेला नाही.

पुढच्या सभेचा अजेंडा काल रात्री आला. विषय चार, स्मशानशेडचं पत्रे बदलण्याचं काम. अंदाजपत्रक जोडलेलं नाही. आज सकाळी मागणीचं पत्र दिलंय. यावेळी पोच लगेच मिळाली.

---

दुसरा बाक

मेथीचा किस्सा वर्गात सांगू का? नाव, गाव काही न सांगता.

---

कौलारू

सांगा की. पण मेथी नंतर कडूच लागली, तेही सांगा.

---

चिखलीकडचा

ताई, शेडचे पत्रे बदलताना खालचे अँगल गंजलेत का बघायला लावा. आमच्याकडं नुसते पत्रे बदलले, पहिल्या वळवाला सगळं उडून उसात.

---

तालमीतला

वैनी, माझं मत अजून तेच हाय, फ्लेक्सचं बघितलंच तुम्ही. पण अंदाजपत्रक मिळालं की फोटो टाका. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय मी. अँगलचं वजन आणि पत्र्याची जाडी बघून देतो.